न्यूट्रल, पण कोणाच्या पापणीवर?

पत्राचा सारांश: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या मैत्रिणीचं वय 38. पतसंस्थेत काउंटरवर बसतात, चष्मा वापरतात, रंग सावळा. इतकी वर्षं काजळ, पावडर, लिपस्टिक यांच्यापलीकडे त्या गेल्या नव्हत्या. यंदा वाढदिवसाला स्वतःच्या पैशांनी 1,800 रुपयांचं, 12 रंगांचं एक न्यूट्रल आयशॅडो पॅलेट मागवलं, म्हणजे पापणीला लावायच्या, कातडीशी मिसळणाऱ्या साध्या तपकिरी-बदामी रंगांची पेटी. ‘सगळ्यांना शोभतं, ऑफिसला रोज लावता येतं’ असं व्हिडिओत ऐकलं होतं. प्रत्यक्षात पापणीवर सहा रंग सारखेच दिसले, दोन दिसलेच नाहीत आणि फिकट रंगांनी डोळ्यांवर राख फासल्यासारखं झालं. शेजारच्या काउंटरवरच्या बाईंनी काळजीने विचारलं, “बरं वाटत नाही का?” या उठल्या, डोळे धुऊन आल्या. पॅलेट तेव्हापासून कपाटात आहे. आता नणंद गणपतीला दुबईहून येणार आहे आणि ‘काय आणू?’ असं विचारते आहे. प्रश्न असे: पॅलेट वाईट आहे, हात वाईट आहे, की माझ्या रंगावर काही खुलतच नाही? चार-साडेचार हजारांचं नामांकित पॅलेट मागवलं तर फरक पडेल का? आणि या वयात, पतसंस्थेत, हे शोभतं का?

प्रिय मैत्रिणी,

डोळे धुऊन तुम्ही पुन्हा काउंटरवर येऊन बसलात, ते वाक्य वाचून मी थोडा वेळ थांबले. वाढदिवसाला स्वतःसाठी आवडीने घेतलेली वस्तू अशी नळाखाली धुवावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटलं. म्हणून आधी तुमच्या रंगाबद्दल बोलते, पॅलेटचं नंतर पाहू.

तुम्ही तीन संशयित उभे केलेत: पॅलेट, हात आणि रंग. चौथ्याकडे तुमचं लक्ष गेलं नाही, आणि माझा संशय त्याच्यावरच आहे. तो म्हणजे ‘न्यूट्रल’ हा शब्द.

तुमची मुलगी आठवीत आहे, चित्रं काढते, असं तुम्ही लिहिलं आहे. तिची जुनी खडूंची पेटी घरात असेल तर उघडून बघा. त्यात एक फिकट, गुलाबीकडे झुकणारा खडू असेल. आपल्याकडची सगळी मुलं त्याला ‘स्किन कलर’ म्हणतात. तुमच्या घरात त्या रंगाचं कोण आहे? तुमच्या वर्गात कोण होतं? तरीही चित्रातल्या आईचा चेहरा आपण त्याच खडूने रंगवत आलो. अमेरिकेतल्या क्रेयोला कंपनीचा असाच एक खडू ‘फ्लेश’ या नावाने विकला जायचा. 1962 साली त्यांनी ते नाव बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे मात्र पेटीवर काहीही छापलेलं असो, मुलांच्या तोंडी नाव तेच राहिलं.

न्यूट्रल पॅलेटची गोष्टही याच वळणाची आहे. 2010 साली अर्बन डिके या अमेरिकी कंपनीने ‘नेकेड’ नावाचं 12 रंगांचं पॅलेट आणलं. तपकिरी, बदामी, सोनेरी, राखाडी असे रंग. ते इतकं गाजलं की पुढे प्रत्येक कंपनीला आपलं एक तपकिरी पॅलेट काढावंसं वाटलं. मूळ पॅलेट 2018 मध्ये बंद झालं, पण त्याने घालून दिलेला साचा राहिला: काही फिकट रंग, काही मधले, दोन-तीन गडद, मधेमधे चमक. हा साचा गोऱ्या पापणीवरून मोजलेला आहे. गोऱ्या पापणीवर बिस्किटी रंग म्हणजे ‘काही लावलंच नाही असं, पण नीटनेटकं’. तोच बिस्किटी रंग सावळ्या पापणीवर तिच्यापेक्षा चार पायऱ्या उजळ असतो. म्हणजे तुमच्यासाठी तो न्यूट्रल नाही, तो उठून दिसणारा रंग आहे. शेजारच्या बाईंना तेच दिसलं, फक्त त्यांना त्याचं कारण सांगता आलं नाही.

राखेसारखं का दिसलं, तेही समजून घ्या, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून आहे. आयशॅडोतले तपकिरी, तांबूस, पिवळसर रंग बहुतेक आयर्न ऑक्साइडचे असतात. कुंड्यांना लावायचा गेरू, कोकणातला लाल जांभा, तुळशीवृंदावनाला लागणारी काव, यांच्या लालीमागेही लोहच आहे. सौंदर्यप्रसाधनांत ही ऑक्साइडं शुद्धतेसाठी कारखान्यात तयार केलेली वापरतात, पण कुळ तेच. हे मातीचे रंग आपल्या कातडीशी चांगले जुळतात. मात्र रंग फिकट करायचा म्हणजे त्यात पांढरं घालायचं. ते काम टायटॅनियम डायऑक्साइड करतं, शिवाय भुकटीला अंग यावं म्हणून टाल्क आणि अभ्रक असतं. पांढरं जास्त आणि मूळ रंग कमी असला की सावळ्या कातडीवर तो करडा, मळकट दिसतो. दशावतारात किंवा जुन्या नाटकांत चेहऱ्याला सफेदा आणि पिवडी लावायचे, तेव्हाही पिवडी कमी पडली की चेहरा भुरा दिसायचा. रंगभूषा करणारी जुनी माणसं हे हाताच्या सवयीने ओळखत. तुमच्या पापणीवर जे झालं ते यापेक्षा वेगळं काही नाही. तुमच्या रंगात त्याचं कारण शोधू नका.

माझ्याकडूनही हीच चूक झालेली आहे. पार्लरमध्ये नवीन असताना एका सावळ्या, फार देखण्या नवरीच्या भुवईखाली मी हस्तिदंती रंग भरभरून लावला. आम्हाला शिकवलंच तसं होतं, भुवईखाली ‘हायलाइट’ पांढरट हवा. आरशात ठीक वाटलं. फोटोग्राफरच्या फ्लॅशमध्ये भुवयांखाली दोन पांढरे पट्टे आले. तो अल्बम त्या घरात आजही आहे, आणि त्याची जबाबदारी माझी आहे असं मी मानते. त्यानंतर मी कुठलाही रंग आधी त्या मुलीच्या पापणीवर, खिडकीपाशी बघितल्याशिवाय लावला नाही.

आता तुमचं पॅलेट कपाटातून काढा. टाकून देऊ नका आणि दुसऱ्याचा विचारही अजून करू नका. एखाद्या रविवारी सकाळी, घरात जरा शांतता असताना, खिडकीपाशी बसा. ट्यूबलाइटखाली नको, बाथरूमच्या आरशात तर नकोच. ऊन थेट येत नाही पण उजेड स्वच्छ आहे, अशी जागा हवी.

बहुतेक जणी रंग मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघतात, दुकानातली मुलगीही तिथेच लावून दाखवते. पण ती आपल्या शरीरावरच्या सगळ्यांत उजळ जागांपैकी एक. आपल्याकडे कितीतरी जणींची पापणी गालापेक्षाही गडद असते. तो आजार नाही, जागरणाची खूणही नाही, आपल्या चेहऱ्यांची ती घडण आहे. म्हणून रंगाची परीक्षा पापणीवरच व्हायला हवी, निदान हाताच्या बाहेरच्या, उन्हाने रापलेल्या बाजूवर तरी.

बाराही रंगांच्या बोटभर रेघा हाताच्या बाहेरच्या बाजूला ओढा. एकदाच, बोट घासून घासून नाही. चमकणाऱ्या रंगांकडे सध्या बघू नका. ते बोटावर नेहमीच छान दिसतात, कारण रंगाचा लेप दिलेलं अभ्रक उजेड परत फेकतं. विकणारे म्हणूनच आधी तेच दाखवतात. पॅलेटचा कस लागतो तो बिनचमकीच्या, मॅट रंगांत, आणि त्यातही मधल्या तपकिऱ्यांत. मऊ, एकसारखी रेघ उठते का? की खडूने फळ्यावर लिहिल्यासारखी तुटक येते? भुकटी फार उडते का? घासलं की रंग पसरतो, की नाहीसाच होतो?

मग एक गंमत करा. त्या हाताचा फोटो काढा आणि फोनमध्येच तो कृष्णधवल करा. आता रंग निघून गेले, उरली ती फक्त गडद-फिकटाची पातळी. तुम्हाला सारखे वाटलेले ते सहा रंग इथे खरोखरच सारखे दिसतील अशी माझी खात्री आहे. पॅनमध्ये, म्हणजे पॅलेटमधल्या छोट्या खणांत, एक गुलाबीसर होता, एक पिवळसर, एक करडा. पण ते सगळे एकाच पायरीवर उभे होते. तुमच्या हातात दोष नव्हता. आणि जे दोन दिसलेच नाहीत, त्यांची पातळी तुमच्या कातडीइतकीच असणार. ते तुमच्यासाठीचे खरे न्यूट्रल! त्यांना वाया गेलेले समजू नका. ज्या रंगात तुमची पापणी मिसळून जाते तो रंग पायाला हवाच असतो, पापणी एकसारखी करायला आणि बाकीच्या रंगांच्या कडा पुसट करायला.

या कृष्णधवल फोटोत मला तुमच्यासाठी चार पायऱ्या हव्या आहेत. एक कातडीइतकी. एक तिच्यापेक्षा किंचित गडद, क्रीजमध्ये लावायला, म्हणजे डोळा उघडल्यावर पापणीला जिथे घडी पडते तिथे. एक चांगली गडद, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी रेघेसारखी लावायला. आणि एक चमकणारी, हवी असेल तेव्हा पापणीच्या मध्यावर. रोजच्या मेकअपला एवढं पुरतं. 12 रंगांतून या चार पायऱ्या निघाल्या तर पॅलेट तुमच्या कामाचं आहे. दोनच निघाल्या तर उरलेल्या दोन सुट्या रंगांत घेता येतात, त्यासाठी नवं अख्खं पॅलेट लागत नाही.

आता पातळी जमली तरी छटा राहतेच. इथे मला मराठीच जास्त उपयोगी वाटते. व्हिडिओत सगळं ‘न्यूड’ (म्हणजे कातडीच्या रंगाचं) आणि ‘ब्राउन’ असतं. आपल्याकडे साडीच्या दुकानात गेलं की विटकरी वेगळा, तपकिरी वेगळा, खजुरी वेगळा, आमसुली वेगळा, मातकट वेगळा. तुमच्या अंगावर कोणती साडी चांगली दिसते हे तुम्ही 20 वर्षं बघत आला आहात, लोकांनीही सांगितलं असेल. ते ज्ञान पापणीपर्यंत आणा. मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या असली परीक्षा सावळ्या कातडीवर नेहमी नीट लागत नाही, तिच्यावर मी विसंबणार नाही. पत्रात तुम्ही म्हणता की चिंतामणी आणि डाळिंबी रंग तुम्हाला खुलतात आणि पिस्त्यात तुम्ही ‘उतरलेल्या’ दिसता. यावरून माझा अंदाज असा की करडेपणाकडे झुकलेले तपकिरी तुमच्यासाठी नाहीत. विटकरी, खजुरी, आमसुली यांच्याकडे वळा. रोजच्या वापरासाठी आमसुली हा शब्द ऐकून घाबरू नका. गोऱ्या पापणीवर तो लग्नातला रंग वाटेल, तुमच्या पापणीवर तो जरा दाट सावली वाटेल, इतकंच.

तुम्ही रोज साडी किंवा गडद रंगाचा पंजाबी ड्रेस घालता. त्या भरल्या रंगाशेजारी बिस्किटी पापणी डोळा विझवते. चेहऱ्यावरचा ‘साधेपणा’ हा अंगावरच्या कपड्याच्या हिशेबानेच ठरतो. परदेशी व्हिडिओतली मुलगी पांढरा शर्ट घालून बसलेली असते, तिचं गणित वेगळं.

मग सध्याचं पॅलेट कसं वापरायचं? सर्वांत फिकट तीन रंग पापणीवर आणू नका, भुवईखालीही नको. त्यातल्या एखाद्याचा अगदी ठिपकाभर डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात चालेल, तोही चमकणारा असेल तर. बाकी ते पडू देत. मधले तपकिरी खडूसारखे लागत असतील तर त्यांच्याखाली आधार द्या: तपकिरी काजळ पेन्सिल पापणीवर हलकी फिरवून बोटाने पुसट करा आणि त्यावर ती भुकटी थोपटा. घासायची नाही, थोपटायची. चिकट, गडद पायावर तोच रंग एकदम जिवंत होतो. चमकणारे रंग कोरड्या ब्रशपेक्षा बोटाने चांगले बसतात. आणि सगळ्यांत गडद तपकिऱ्याचं लायनर करा. बारीक, तिरका ब्रश घ्या, त्यावर रंग घ्या, मग ब्रशला पाण्याचा हलका फवारा द्या आणि रेघ ओढा. ओला ब्रश पॅनमध्ये बुडवू नका, वरचा थर कडक होतो. तसा तो झालाच असेल तर त्यावर सेलोटेप हलकी दाबून उचला, खाली मऊ रंग निघतो.

पॅलेटबरोबर आलेल्या स्पंजच्या काडीने लावलं होतं ना? पत्रात तसं थेट नाही, पण ‘पट्टा उमटला’ असं लिहिलं आहे, त्यावरून म्हणते. त्या काडीने रंग एका जागी बसतो, पसरत नाही. मऊ, केस जरा लांब आणि टोकाला निमुळता असा एक ब्रश घ्या. तो टोकाशी धरायचा, रंग घेतल्यावर एकदा झटकायचा आणि क्रीजच्या रेघेवर मोटारीच्या वायपरसारखा इकडून तिकडे फिरवायचा. डोळे उघडे ठेवून, समोर बघत. तुमची पापणी वरून जराशी झुकत असेल, चाळिशीकडे अनेकींची झुकते, तर रंग खऱ्या घडीच्या किंचित वर न्या, नाहीतर डोळा उघडल्यावर तो आतच लपतो.

चष्म्याचंही लक्षात घ्या. लांबचं नीट दिसत नाही म्हणून लागणाऱ्या, मायनस नंबरच्या काचेतून डोळे लहान दिसतात. अशा वेळी पापण्यांच्या मुळाशी गडद रेघ आणि मध्यावर थोडी चमक उपयोगी पडते. प्लस नंबर असेल तर काच सगळं मोठं करून दाखवते, तिथे सांडलेली भुकटीही दिसते, म्हणून रंग कमी आणि कडा मऊ.

आता दिवसभराची परीक्षा. खिडकीपाशी छान दिसलेला रंग काउंटरवर दुपारपर्यंत टिकतो का, हे कुठल्याच व्हिडिओतून कळत नाही. तुमच्याकडे मे महिन्यातली दुपार, कोकणात आणि मुंबईत बाराही महिने दमट हवा, तेलकट पापण्या, वर लोकलची गर्दी. एका डोळ्याला आधी प्रायमर (रंग धरून ठेवणारा लेप) किंवा कन्सीलरचा (डाग झाकणाऱ्या लेपाचा) अगदी पातळ हात आणि त्यावर कातडीइतक्या रंगाची भुकटी, दुसऱ्या डोळ्याला काहीच नाही, मग दोन्हींवर तेच रंग. संध्याकाळी घरी आल्यावर बघा. दोन्ही डोळ्यांवर रंग घडीत गोळा झाला असेल तर पॅलेट कच्चं. एकाच डोळ्यावर टिकला असेल तर पॅलेटला बोल नको, तळाची तयारी हवी. हा प्रयोग सुट्टीच्या दिवशी, पण घरात नेहमीची कामं करताना करा. पंख्याखाली बसून केलेल्या परीक्षेत सगळेच रंग पास होतात.

पैशांचं बोलू. 1,800 रुपयांत 12 रंग म्हणजे रंगाला 150, असं जाहिरात सांगते. तुमच्या कामाचे त्यातले चारच निघाले तर तो रंग 450 रुपयांना पडला. साडेचार हजारांच्या नऊ रंगांच्या पॅलेटमधून तीनच लावले गेले तर एक रंग 1,500 ला. पॅलेट घेताना मी दरवेळी हाच हिशेब करते: मंगळवारी सकाळी, डबा भरून झाल्यावर, बस चुकू नये अशा घाईत, यातले किती रंग माझ्या हातात येतील? त्या आकड्याने किमतीला भागा. एकेका पॅनमध्ये बहुधा एक-दीड ग्रॅम रंग असतो आणि तो रोज लावूनही लवकर संपत नाही. म्हणून रंग जास्त असणं हा काही फार मोठा गुण नाही.

महागात फरक असतो का? असतो. भुकटी बारीक दळलेली, मॅट रंग मऊ, कमी सांडणारा. पण महाग म्हणजे तुमच्यासाठी केलेला, असं मात्र नाही. गोऱ्या पापणीवरून मोजलेलं पॅलेट उत्तम प्रतीचं असलं तरी तुमच्यावर उत्तम प्रतीची राखच दिसेल. काही कंपन्यांना हे उमगलं आहे. दुबईच्याच हुडा ब्युटीने ‘न्यूड ऑब्सेशन्स’ नावाने नऊ-नऊ रंगांची तीन पॅलेटं काढली: लाइट, मीडियम आणि रिच. एकाच ‘न्यूड’चे तीन भाग करावे लागले, यातच सगळं आलं. तुम्ही त्या वाटेला गेलात तर मीडियम किंवा रिच बघा, लाइट नाही. आपल्याकडे तीनशे ते पाचशे रुपयांतही अलीकडे नीट लागणारे रंग मिळतात, विशेषतः सुटे. कृष्णधवल फोटोची परीक्षा त्यांनाही लावा. फक्त रस्त्यावर किंवा अनोळखी संकेतस्थळावर अडीचशे रुपयांत मिळणारं नामांकित परदेशी पॅलेट घेऊ नका. ते नकली असतं, आणि डोळा ही नकली माल लावून बघायची जागा नाही. खोक्यावर घटकांची यादी, बॅच क्रमांक, वापरायची मुदत आणि उत्पादकाचं किंवा आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असायलाच हवा. उघडलेल्या डबीचं छोटं चित्र असेल आणि त्यात 12 किंवा 24 लिहिलं असेल, तर उघडल्यापासून तितके महिने, हा त्याचा अर्थ.

खोट्या दागिन्यांनी कानाला खाज येते का तुम्हाला? येत असेल तर नवा रंग आधी दोन दिवस कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा, रंगांत धातूंचे सूक्ष्म अंश असू शकतात. डोळे आले असतील तर मेकअप पूर्ण बंद, आणि त्या दिवसांत वापरलेलं काजळ टाकून द्या. मुलगी गॅदरिंगला तुमचं पॅलेट मागेल, तेव्हा तिला दोन रंग सुटे घेऊन द्या, ब्रशही वेगळा. डोळ्यांच्या वस्तू मायलेकींनीही वाटून घेऊ नयेत. आणि लिपस्टिक पापणीवर लावायची युक्ती सगळीकडे दिसते, ती करू नका. ओठांसाठी चालणारे काही लाल रंग डोळ्यांच्या परिसरासाठी मान्य नसतात, अमेरिकेच्या नियमांत हे वेगळं नोंदवलेलं आहे.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो तुम्ही सगळ्यात शेवटी, एका ओळीत लिहिला आहे आणि मला वाटतं सगळ्यात आधी तुमच्या मनात होता. या वयात, पतसंस्थेत, शोभतं का?

तुम्ही काजळ कधीपासून घालता? कॉलेजपासून असेल. त्या काजळाबद्दल कधी कोणी विचारलं का, की शोभतं का? नाही, कारण ते सवयीचं झालं. क्रीजमधली विटकरी सावली ही त्या काजळाच्याच घरातली गोष्ट आहे. समोर पासबुक घेऊन आलेल्या आजोबांना ती दिसणारही नाही, त्यांना तुम्ही फक्त ताज्यातवान्या दिसाल. चमक जास्त झाली तर काउंटरच्या ट्यूबलाइटखाली उठून दिसेल, शिवाय चाळिशीच्या पापणीवर बारीक सुरकुत्यांत चमकीचे कण जास्त नजरेत येतात, म्हणून कामाच्या दिवशी मॅट किंवा मंद चमकीचा रंग पुरे. ही झाली तंत्राची गोष्ट. शोभण्याबद्दल म्हणाल, तर 38 व्या वर्षी स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या वाढदिवसाला रंग विकत घेणारी बाई मला फार शोभून दिसते.

त्या शेजारच्या बाईंवर राग धरू नका. त्यांनी काळजीने विचारलं होतं. पुढच्या वेळी जमलं की त्यांनाच विचारा, आज कशी दिसते. त्यांचा डोळा चांगला आहे, चुकलेलं पहिल्या दिवशी त्यांनाच दिसलं.

नणंदेला काय सांगायचं? माझं मत असं: पॅलेट मागू नका. दोन चांगले ब्रश मागा, एक क्रीजचा मऊ आणि एक बारीक तिरका. चांगला ब्रश साध्या रंगालाही वर उचलतो, नीट धुतला तर वर्षानुवर्षं टिकतो, आणि त्यात छटा चुकण्याचा धोकाच नाही. ती प्रेमाने पॅलेटच आणते म्हणाली तर तिला तुमचा तो कृष्णधवल फोटो आणि शेजारी रंगीत फोटो पाठवा, आणि सांगा की दुकानात जे पॅलेट आवडेल त्याचे मॅट रंग तिच्या स्वतःच्या हाताच्या बाहेरच्या बाजूला लावून, दुकानाच्या दाराशी उजेडात येऊन, फोटो पाठव. मग दोघी मिळून फोनवर ठरवा. नणंद-भावजयीने मिळून करायच्या कामांत हे एक छान काम आहे.

गणपतीच्या आधी तीन-चार रविवार हाताशी आहेत. पहिल्या रविवारी फक्त क्रीजचा रंग आणि ब्रश, बाकी काही नाही. तो हातात बसला की पुढच्या रविवारी गडद रेघ. आरतीच्या संध्याकाळी चिंतामणी साडी नेसणार असाल तर क्रीजमध्ये आमसुली, मुळाशी गडद तपकिरी आणि पापणीच्या मध्यावर त्या पॅलेटमधला तो जुन्या सोन्यासारखा रंग, बोटाने, एकदाच थोपटून. समईच्या उजेडात तो कसा दिसला ते मला नक्की कळवा.